बी.एड., डी.एल.एड., टीईटी आणि पवित्र पोर्टल: शिक्षक व्हायला निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अध्यापक महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षात वर्षभर येणारे, आणि जून-जुलैत तर फोन खाली ठेवू न देणारे हे प्रश्न आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. परीक्षांच्या तारखा आणि शुल्काचे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. ते सीईटी कक्ष आणि परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरच पाहावेत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये पाहू नयेत.

१. मला शिक्षक व्हायचंय. डी.एल.एड. करू की बी.एड.?

आधी सांगा, कोणत्या इयत्तेला शिकवायचंय? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. मैत्रीण बी.एड. करतेय म्हणून बी.एड., घराजवळ डी.एड. कॉलेज आहे म्हणून डी.एड. असं चालतं, आणि चार वर्षांनी जाहिरात आली की कळतं, आपण त्या पदाला बसतच नाही.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. जुने लोक तिला अजून डी.एड.च म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. चालतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला त्या विषयात किमान ५० टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवं. पहिली ते आठवीला याशिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे (प्रश्न १२).

बी.एड. ही डी.एल.एड.च्या वरची पायरी आहे, म्हणजे बी.एड. झालेल्याला खालचे वर्ग आपोआप मिळतात, असा समज अजून घट्ट आहे. तो का चुकीचा आहे ते प्रश्न १४ मध्ये आहे. कृपया तो प्रश्न प्रवेश घेण्याआधी वाचा.

२. प्रवेश कसा होतो?

डी.एल.एड.चे प्रवेश महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे ही बारावीच्या गुणांवर ऑनलाइन करते. खुल्या प्रवर्गाला बारावीत ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४४.५ टक्के लागतात.

बी.एड.साठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आहे. ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात: मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर इंग्रजीची ५० प्रश्नांची वेगळी चाचणीही द्यावी लागते. त्यानंतर कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या होतात. सीईटीला चांगले गुण मिळूनही हवं ते कॉलेज न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पर्याय भरण्यातली घाई. आधी ज्या कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन याल त्यांचीच नावं भरा.

३. पदवीला ४९.६ टक्के आहेत. पन्नास धरतील ना?

नाही. खुल्या प्रवर्गाला ५० म्हणजे ५०, आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना ४५. जवळच्या पूर्णांकाला टक्के नेले जात नाहीत. डी.एल.एड.चा ४९.५ चा आकडा इथे लावू नका.

वाट मात्र आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमांत पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीला ५० टक्के असले तरी चालतात. एम.ए. किंवा एम.एस्सी. करून प्रवेश घेतलेले विद्यार्थी आमच्याकडे दरवर्षी असतात, आणि त्यांना पुढे अकरावी-बारावीचं दारही उघडं राहतं.

४. माझं बी.कॉम. झालंय, भावाचं इंजिनिअरिंग. आम्हाला बी.एड. करता येईल?

प्रवेश मिळेल. एनसीटीईच्या नियमात अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाच्या पदवीधरांनी विज्ञान आणि गणितात विशेष अभ्यास केलेला असावा आणि त्यांना ५५ टक्के असावेत, असं म्हटलं आहे.

पण प्रवेश मिळणं आणि नोकरीला पात्र ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नववी-दहावीच्या वेळापत्रकात वाणिज्य हा विषयच नसतो. म्हणून बी.कॉम.वाल्यांना मी एम.कॉम. करून कनिष्ठ महाविद्यालयाकडे बघायला सांगते. इंजिनिअर भावाने आधी जुन्या शिक्षक भरतीच्या जाहिराती काढून गणित-विज्ञानाच्या पदासाठी कोणती पदवी मागितली होती ते वाचावं. अर्धा तास लागतो, पण दोन वर्षं आणि फी वाचू शकते.

५. आता चार वर्षांचं बी.एड. आलंय म्हणे. आणि एक वर्षाचं पण येणार आहे. थांबू का?

चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजे आयटेप, बारावी झालेल्यांसाठी आहे. एनसीटीईने तो ऑक्टोबर २०२१ मध्ये अधिसूचित केला आणि २०२३-२४ पासून देशातल्या ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. त्याची प्रवेश परीक्षा, एनसीईटी, राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. जुने बीए-बीएड आणि बीएस्सी-बीएड टप्प्याटप्प्याने यातच बदलले जात आहेत. बारावीलाच ‘मला शिक्षकच व्हायचंय’ हे पक्कं असेल तर एक वर्ष वाचतं. अठराव्या वर्षी ते पक्कं नसेल तर आधी साधी पदवी घ्या. त्यात काही बिघडत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन वाटा आहेत: बारावीनंतर चार वर्षं, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षं, आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांना एक वर्ष. एनसीटीईने २०२५ च्या सुरुवातीला नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यातही एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. म्हणजे तीन वर्षांच्या बी.ए.वर एक वर्षाचं बी.एड. मिळेल या आशेने थांबलेल्यांचा तो समजच चुकीचा आहे. त्यांच्यासाठी दोनच वर्षं आहेत.

आणि ज्यांनी २०१५ च्या आधी जुनं एक वर्षाचं बी.एड. केलं, त्यांची पदवी पूर्वीइतकीच वैध आहे. हा प्रश्न दर आठवड्याला येतो, म्हणून इथेच सांगून टाकलं.

६. कॉलेज चांगलं आहे की नाही हे बाहेरून कसं कळणार?

कागद आधी बघा. एनसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. तिथे कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम आणि मंजूर जागा तिन्ही जुळायला हवं. शुल्क ठरवायला राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. २०१५ च्या कायद्याने विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत येतात. मंजूर शुल्काच्या वर ‘डेव्हलपमेंट’, ‘युनिफॉर्म’, ‘प्रॅक्टिकल’ अशा नावांनी रोख मागितलं तर पावती मागा. पावती न देता घेतलेला पैसा हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याचा विषय आहे.

मग प्राध्यापकांची यादी पाहा. दरवर्षी १०० प्रवेश, म्हणजे दोन्ही वर्षं मिळून २०० विद्यार्थी असतील, तर एनसीटीईच्या नियमाने प्राचार्य धरून १६ पूर्णवेळ अध्यापक लागतात. संकेतस्थळावर ही सोळा नावं असतात. एका साध्या मंगळवारी सकाळी अकराला कॉलेजात जा आणि त्यातली किती माणसं आवारात आहेत ते पाहा. चार भेटली तर उरलेली कागदावरच आहेत.

हा संशयी स्वभाव उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली अध्यापक शिक्षणावर जो आयोग नेमला, त्याची सुरुवातच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांना दिलेल्या मान्यतांच्या वादातून झाली होती. २०१२ च्या त्याच्या अहवालानंतर २०१४ चे नियम आले आणि बी.एड. दोन वर्षांचं झालं. धंदा मात्र पूर्ण थांबलेला नाही.

७. मी शाळेत नोकरी करतो. ‘फक्त परीक्षेला या’ असं एक कॉलेज सांगतंय. घेऊ का प्रवेश?

घेऊ नका. ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’ नावाचा कोणताही अभ्यासक्रम अस्तित्वात नाही. नियमित बी.एड.ला वर्गातल्या आणि प्रात्यक्षिकाच्या कामाला ८० टक्के, तर शालेय इंटर्नशिपला ९० टक्के उपस्थिती लागते. कॉलेज हजेरी लावून देईल हो, पण तुमच्याच शाळेच्या मस्टरवर त्याच दिवशी तुमची सही आहे. पुढे वैयक्तिक मान्यतेच्या, म्हणजे शिक्षण खात्याने तुमची नेमणूक मान्य करण्याच्या, वेळी किंवा एखाद्या तक्रारीनंतर ही दोन मस्टरं एका टेबलावर आली, तर कॉलेजचं काही जात नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी सरळ मार्ग दूरशिक्षणाचा आहे: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. पण त्याला अट आहे. तुम्ही प्राथमिक स्तरावर काम करणारे प्रशिक्षित शिक्षक असायला हवेत, किंवा एनसीटीईची मान्यता असलेला एखादा अध्यापक अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेला असायला हवा. डी.एल.एड. झालेल्यांना हे जमतं. कोणतंही प्रशिक्षण नसलेल्याला दूरशिक्षणाने थेट बी.एड. करता येत नाही. त्याने एक तर रजा काढावी, नाही तर नोकरी सोडावी. दुसरं काही सांगणारा एजंट असतो.

एकाच वेळी एम.ए. आणि बी.एड. करायचं असेल तर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, पण तिथेच संबंधित परिषदांचे नियमही लागू राहतील असं म्हटलंय. म्हणून विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं’वर जाऊ नका.

८. दोन वर्षांत नक्की काय करतात? मोठी बहीण म्हणते, नुसत्या वह्या लिहाव्या लागतात.

बहीण अर्धं खरं बोलतेय. वह्या असतातच. बाल्यावस्था आणि वाढ, समकालीन भारत आणि शिक्षण, अध्ययन आणि अध्यापन, मूल्यमापन, समावेशक शिक्षण असे लेखी विषय आहेत, आणि त्याबरोबर नाट्य व कला, माहिती तंत्रज्ञान, वाचन आणि ‘स्व’ची ओळख असे क्षमता वाढवणारे चार अभ्यासक्रम. पण गाभा शाळेत आहे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी.

त्याआधी सूक्ष्म अध्यापन येतं. एकच कौशल्य, समजा प्रश्न विचारणं, घेऊन सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रतिक्रिया ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. एकूण ३६ मिनिटं. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी बसलेले असतात आणि सुरुवातीला सगळे हसतात. दुसऱ्यांदा शिकवताना मात्र हसू थांबतं, कारण पहिल्या सहा मिनिटांत आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपणच दिलं होतं, हे निरीक्षण वहीत वेळेनिशी लिहिलेलं असतं.

९. मेथड कोणती घेऊ? सोपी कोणती?

पदवीला जो विषय होता ती. विद्यापीठानुसार एक किंवा दोन अध्यापन पद्धती निवडायच्या असतात. इतिहासात बी.ए. करून ‘मराठी सोपं जाईल’ म्हणून फक्त मराठी घेणाऱ्यांची पुढे भरतीत अडचण होते, कारण तिथे पदवीचा विषय आधी पाहतात. दोन पद्धती घेता येत असतील तर दुसरी भाषेची ठेवा. बारावीपर्यंत गणित केलेलं असेल आणि विद्यापीठाचा नियम परवानगी देत असेल तर गणित घ्या. घाबरलेला गणिताचा शिक्षकही शाळेला हवा असतो, न मिळणारा नको असतो.

१०. मार्गदर्शक प्राध्यापक दिलेत, पण त्यांच्याकडे जाऊन बोलायचं काय? आम्ही फक्त सह्या घ्यायला जातो.

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि सगळ्यांनी विचारायला हवा.

वर दिलेल्या सोळाच्या हिशेबाने एका अध्यापकाच्या वाट्याला बारा-तेरा विद्यार्थी येतात. एवढ्या गटात प्रत्येकाकडे लक्ष देणं शक्य असतं. पण विद्यार्थी सबमिशनच्या आदल्या दिवशी दहा टाचणं, म्हणजे पाठांच्या लेखी आखण्या, घेऊन रांगेत उभे राहतात, आणि प्राध्यापकही मान खाली घालून सह्या करत सुटतात. दोघांचंही चुकतं.

एक टाचण घ्या. सहावीचा वर्ग, घटक अपूर्णांकांची बेरीज, तासिका ३५ मिनिटांची. पानावर उभे रकाने आहेत: उद्दिष्ट, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन. नवख्याच्या टाचणात शिक्षककृतीचा रकाना गच्च भरलेला असतो आणि विद्यार्थीकृतीत वरपासून खालपर्यंत ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’, ‘विद्यार्थी उत्तर देतात’, ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’. हे पान घेऊन पाठाच्या तीन दिवस आधी मार्गदर्शकांकडे जा आणि एवढंच विचारा की, या रकान्यात मुलांच्या हाताला काय काम देऊ? त्यातून कागदाच्या पट्ट्या घडी घालून छेद समान करण्याची कृती निघेल, आणि ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश’ म्हणणाऱ्या मुलाला थेट ‘चूक’ न म्हणता पट्टी मोजायला कशी लावायची हेही निघेल. सहीला येऊन हे मिळत नाही.

पाठाखेरीज तीन गोष्टी मार्गदर्शकांशी पहिल्या सत्रातच बोलून घ्या. कोणत्या इयत्तेसाठी तयारी करताय, त्यासाठी कोणती परीक्षा कधी द्यायची, आणि घरची काय अडचण आहे. शेवटची गोष्ट विद्यार्थी लपवतात. शेतीच्या हंगामामुळे किंवा आजारी माणसामुळे उपस्थिती घसरणार असेल तर ती सप्टेंबरात कळली तर काही करता येतं, परीक्षा अर्जाच्या दिवशी कळली तर प्राचार्यांचेही हात बांधलेले असतात.

मार्गदर्शकांशी जमतच नसेल तर गट बदलून मिळतो. प्राचार्यांना साधा अर्ज द्या, कारण सविस्तर लिहायची गरज नाही. दोन विद्यार्थ्यांनी असा बदल मागितला म्हणून कुणाचा राग येत नाही, आणि आलाच तर तो त्यांचा प्रश्न.

११. इंटर्नशिपच्या शाळेत शिकवूच देत नाहीत. पर्यवेक्षण, पेपर तपासणी आणि ऑफिसचं टायपिंग करायला लावतात.

थोडंफार असं काम शाळेत सगळ्यांनाच करावं लागतं, त्यातून शाळा कशी चालते ते कळतंही. पण आठवडा गेला आणि एकही पाठ झाला नाही, तर मुख्याध्यापकांशी भांडू नका. आपल्या मार्गदर्शकांना तारीखवार लिहून द्या: कोणत्या दिवशी कोणती तासिका, कोणतं काम. शाळेशी बोलणं हे कॉलेजचं काम आहे. बहुतेक वेळा अडचण अशी असते की सहामाहीआधी अभ्यासक्रम मागे पडलेला असतो आणि विषयशिक्षक आपले तास द्यायला घाबरतात. त्यांनाच विचारा, ‘सर, तुमचा राहिलेला कोणता घटक मी घेऊ?’ यावर नकार क्वचितच येतो.

पाठाला निरीक्षक आलेच नाहीत तर त्या शाळेच्या विषयशिक्षकांचं निरीक्षण आणि सही घ्या. रिकामं पान नंतर एकत्र भरून घेऊ नका.

१२. टीईटी, सीटीईटी, टेट... नेमका फरक काय?

टीईटी ही पात्रता आहे, टेट ही स्पर्धा आहे. उच्चार सारखे असल्याने घोळ होतो.

महाटीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, मागास प्रवर्गांना ५५ टक्के. सीटीईटी ही केंद्राची, सीबीएसई घेते. केंद्रीय विद्यालय, नवोदय यांना तीच लागते आणि महाराष्ट्राच्या भरतीतही ती चालते. तिच्यात भाषा म्हणून मराठी निवडता येते. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे, २०११ पासूनची जुनी प्रमाणपत्रंही त्यात आली.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची आणि दोन तासांची ऑनलाइन परीक्षा आहे: अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. पवित्र पोर्टलवरची, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची, गुणवत्ता यादी हिच्या गुणांवर लागते. ती डिसेंबर २०१७, मग २०२३, मग २०२५ अशी झाली. मधलं अंतर बघा. म्हणजे जी होईल ती द्यायचीच, ‘पुढच्या वेळी चांगली तयारी करून देईन’ म्हणण्यात पाच वर्षं जाऊ शकतात.

नववी ते बारावीला सध्या टीईटी लागत नाही, टेट मात्र लागते.

आणि ‘सेटिंग’ असल्याचं सांगणारा कुणी भेटला तर २०१९ च्या महाटीईटीचं प्रकरण आठवा. पुणे सायबर पोलिसांच्या तपासानंतर साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचे निकाल रद्द झाले, आणि त्यांतले काही तेव्हा नोकरीत होते.

१३. बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला असताना टीईटी देता येते?

येते. अध्यापक अभ्यासक्रम करत असलेल्यांना बसता येतं. नेमणुकीसाठी मात्र दोन्ही पूर्ण हवं. खरं तर पहिल्या वर्षीच द्या, कारण मानसशास्त्राचा अभ्यास ताजा असतो.

१४. बी.एड. आहे, टीईटी पेपर १ पण पास आहे. मग झेडपीच्या पहिली ते पाचवीला का घेत नाहीत?

कारण ११ ऑगस्ट २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीला मुभा दिली होती, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर. ती राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. लहान मुलांना शिकवायचं शास्त्र डी.एल.एड.मध्ये शिकवतात, बी.एड.मध्ये शिकवत नाहीत, असा त्याचा गाभा आहे. माझ्या मते निकाल योग्य आहे, जरी त्याने आमच्याच कित्येक विद्यार्थ्यांचं नुकसान झालं.

२०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की हा निकाल पुढच्यासाठी आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी नियमानुसार नेमले गेलेले बी.एड. शिक्षक सेवेत राहतील, सेतू अभ्यासक्रम त्यांना करावा लागेल. तो फक्त त्यांच्यासाठीच आहे. नवीन माणसाने सेतू करून पहिली ते पाचवीला पात्र होण्याचा मार्ग त्यात नाही, तशी जाहिरात करणाऱ्या क्लासपासून लांब राहा. तुमच्याकडे पदवी आणि बी.एड. आहे, तर पेपर २ द्या आणि सहावी ते आठवीकडे वळा.

१५. मी २००६ पासून शाळेत आहे. आता मला पण टीईटी द्यावी लागणार?

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, हो. हे प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलं होतं. शिक्षण हक्क कायद्याआधी नेमले गेलेले आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेले पहिली ते आठवीचे शिक्षक दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण झाले पाहिजेत, असं त्यात आहे. पाच वर्षांहून कमी उरली असतील तर सेवा चालू राहते, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू करायचं का, तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

संघटना काय करतील, सरकार काय करेल, याची चर्चा शिक्षक कक्षात रोज चालते. ती चालू दे, अर्ज भरून ठेवा. पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला विषय अवघड जात नाही. ओएमआर भरायचा सराव आणि मानसशास्त्रातली नवी परिभाषा एवढीच खरी अडचण असते.

१६. पवित्र पोर्टलवर निवड झाल्यावर पगार किती? आणि संस्थाचालक पंधरा लाख मागतायत, द्यावे का?

पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळतं. १ जानेवारी २०२३ पासून ते पहिली ते आठवीला १६,०००, नववी-दहावीला १८,००० आणि अकरावी-बारावीला २०,००० रुपये महिना आहे. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. तीन वर्षं समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी.

पैशांचं म्हणाल तर, देऊ नका. अनुदानित पदाची भरती पोर्टलवरून होते आणि पगार शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघतो. बाहेरून ‘मागच्या तारखेने’ नेमणूक दाखवून, वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी मिळवून देण्याचा जो धंदा होता तो २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडा पडला. अधिकाऱ्यांना अटका झाल्या, आणि ज्यांनी शेत विकून पैसे भरले त्यांचीही चौकशी लागली.

पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरताना मात्र दोनदा वाचा. विषय, माध्यम, टीईटीचा बैठक क्रमांक यांतली एक चूक निवडीनंतर कागदपत्र पडताळणीत बाहेर येते, आणि तेव्हा दुरुस्ती होत नाही. प्राधान्यक्रम लॉक करण्याआधी पानाची छापील प्रत दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

१७. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत टीईटी, बी.एड. लागतं का? तिथे तर कुणालाही घेतात.

पहिली ते आठवीची अट शिक्षण हक्क कायद्यातल्या ‘शाळे’ला आहे, आणि त्यात विनाअनुदानित शाळाही येते. घेतात ते वेगळं. नेमणुकीचा आदेश लेखी मागा आणि पगार बँकेतून घ्या. राज्य मंडळाच्या खासगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. कामावरून काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण हातात आदेश नसेल तर आपण तिथे होतो हे सिद्ध करण्यातच वर्षं जातात.

१८. दुसऱ्या वर्षी बाळंतपण येतंय. वर्ष वाया जाईल?

गरजेचं नाही. बी.एड. पूर्ण करायला प्रवेशापासून तीन वर्षं मिळतात, म्हणून इंटर्नशिप पुढच्या तुकडीबरोबर करता येते. यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी उपस्थितीत सवलतीचे नियम करायला सांगितलं आहे. मेरठच्या विद्यापीठातल्या एका एम.एड. विद्यार्थिनीला प्रसूती रजा नाकारली गेली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विद्यापीठाचा तो निर्णय रद्द करून तिच्या रजेचा पुन्हा विचार करायला लावला. अर्ज मात्र आधी द्या, डॉक्टरांच्या कागदासह, आणि पोच घ्या.

१९. लग्नानंतर नाव बदललंय. दहावीवर माहेरचं, आधारवर सासरचं. आणि नॉन-क्रिमीलेअर नवऱ्याच्या उत्पन्नावर काढायचं का?

नॉन-क्रिमीलेअर आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतं, नवऱ्याच्या उत्पन्नावर नाही. सेतू केंद्रात कुणी नवऱ्याचा दाखला मागितला तर हे ठामपणे सांगा. जातीचा दाखला आणि जात वैधताही माहेरच्या नावानेच असते.

नावासाठी सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे शासनाच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करणं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र त्याला जोडा. त्याहून सोपा मार्ग, अजून उशीर झाला नसेल तर: बी.एड., टीईटी आणि टेट तिन्हींचे अर्ज दहावीच्या नावाने भरा.

२०. विशेष मुलांना शिकवायचंय. चित्रकला, पी.टी.चं काय?

विशेष शिक्षणाचे बी.एड. आणि डी.एड. भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत आहेत, तिथली नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही. मान्यता तपासताना एनसीटीईची यादी न पाहता पुनर्वास परिषदेची पाहा. खेळासाठी बी.पी.एड., चित्रकलेसाठी कला संचालनालयाची ए.टी.डी. पदविका.

२१. एम.एड. केलं तर शाळेत फायदा होईल?

शाळेत फारसा नाही. एम.एड. अध्यापक महाविद्यालयात शिकवण्यासाठी आहे, आणि तिथेही नेट-सेट किंवा पीएच.डी. लागते. टेट होईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून दोन वर्षं घालवू नका. त्यापेक्षा विषयातलं एम.ए. किंवा एम.एस्सी. करा (प्रश्न १ आणि ३).

२२. नवऱ्याची बदली राज्याबाहेर होतेय, कदाचित परदेशात. माझं बी.एड. चालेल?

एनसीटीई-मान्य पदवी देशभर चालते. राज्याची टीईटी मुळात त्या-त्या राज्यापुरती, म्हणून बदलीची शक्यता असलेल्यांनी सीटीईटी देऊन ठेवावी. गोव्यात जाणाऱ्यांनी सरकारी नोकरीच्या वास्तव्याच्या आणि कोकणीच्या अटी आधी वाचाव्यात.

परदेशात पदवी लगेच परवाना होत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतःचा परवाना देतं. इंग्लंडने २०२३ पासून भारतीय शिक्षकांना काही विषयांत, गणित, विज्ञान आणि भाषा, तिथला शिक्षक दर्जा मिळवण्यासाठी अर्जाची वाट खुली केली. दोन्हीकडे कागद मागतात ते सारखेच: विद्यापीठाची मोहोरबंद गुणपत्रकं, अभ्यासक्रमाचा तपशील आणि प्रत्यक्ष किती आठवडे, कोणत्या वयाच्या मुलांना शिकवलं याचं कॉलेजचं पत्र. हे पत्र निकालाच्या दिवशीच मागून घ्या. पाच वर्षांनी इंटर्नशिपची नोंदवही कॉलेजच्या रद्दीत गेलेली असते.